आवाज कोणाचा? : रिता लाफोंतेन आणि मिशेल त्रांब्ले यांचे नाट्यविश्व

नाट्यवाङ्मयाचा इतिहास हा बहुधा नाटककारांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. संहिता साहित्येतिहासाच्या वाट्याला येते आणि नट-नट्यांची चरित्रे रंगभूमीच्या इतिहासाकडे, किंवा त्याहून अधिक वेळा आठवणींच्या पुस्तकांकडे सोपवली जातात. ही वाटणी सोयीची आहे. जिथे नाटकाची भाषा आधीपासूनच लेखनात रुळलेली, शब्दकोशांनी आणि शाळांनी मान्य केलेली असते, तिथे ती फारशी खटकतही नाही. परंतु ज्या भाषेला लेखनाची परंपराच नाही, जिचे शब्द कसे लिहावेत याविषयी एकमत नाही, अशी बोली एखाद्या समाजाच्या रंगभूमीवर प्रथमच गंभीर नाटकाची भाषा म्हणून उभी राहते, तेव्हा काय घडते? अशा वेळी ती भाषा कागदावर जन्मली की रंगमंचावर, हा प्रश्न केवळ तपशिलाचा राहत नाही. कॅनडातील फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातील अभिनेत्री रिता लाफोंतेन (१९३९–२०१६) यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने हा प्रश्न तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भाषेची पार्श्वभूमी. १७६३ च्या तहाने फ्रान्सने कॅनडातील आपली वसाहत ब्रिटनच्या हवाली केली आणि तेथील फ्रेंच समाज मायदेशापासून तुटला. पुढील दोन शतके तो चर्च, शेती आणि कुटुंबसंस्था यांच्या आधाराने टिकून राहिला. औद्योगिकीकरणानंतर तो मोठ्या प्रमाणावर माँट्रियलसारख्या शहरांत कामगार म्हणून आला. तेथे भांडवलाची आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची भाषा इंग्रजी होती. कामगार वस्त्यांतील फ्रेंचमध्ये कारखान्यातले इंग्रजी शब्द मिसळले; त्याचबरोबर सतराव्या शतकातील स्थलांतरितांनी आणलेले जुने उच्चारही टिकून राहिले. पॅरिसच्या प्रमाण फ्रेंचमधील ‘म्वा’ आणि ‘त्वा’ (मी, तू) यांचे येथे ‘म्वे’ आणि ‘त्वे’ होते. हा उच्चार म्हणजे अडाण्यांची विकृती असल्याचे शाळांतून शिकवले जात असे. वस्तुतः तो एके काळी फ्रान्सच्या राजदरबारातही रूढ होता. या बोलीला ‘झुआल’ म्हणतात. ‘शव्हाल’, म्हणजे घोडा, या शब्दाच्या तिच्यातील उच्चारावरून हे नाव पडले. १९५९ मध्ये पत्रकार आंद्रे लोरांदो यांनी आणि १९६० मध्ये ‘फ्रेर आंतेल’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका धर्मबंधू शिक्षकाने या नावाने तिच्यावर जी टीका केली, तिच्यामागे समाजाच्या अधोगतीविषयीची खरी तळमळ होती. तथापि, बोलणाऱ्यांच्या दारिद्र्याची चिकित्सा करता करता ती टीका त्यांच्या बोलण्यालाच रोग ठरवून मोकळी झाली.

रंगभूमीवर या बोलीला मुळीच प्रवेश नव्हता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ग्रासियें जेलिना यांच्या १९४८ मधील ‘ती-कॉक’ या नाटकात सामान्य माणसाची भाषा होती आणि रेव्ह्यू, विनोदी प्रवेश यांतूनही ती ऐकू येई. पण शोकात्म, प्रतिष्ठित, ‘वाङ्मयीन’ नाटकाची भाषा मात्र पॅरिसचीच होती. नट होणे याचा अर्थ घरी बोलण्याची भाषा विसरणे असा होता.

रिता लाफोंतेन यांचा जन्म ८ जून १९३९ रोजी त्रुआ-रिव्हिएर या शहरी झाला. माँट्रियल आणि क्वेबेक शहर यांच्या दरम्यान, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी वसलेले हे कागद-कारखान्यांचे गाव. साठच्या दशकाच्या मध्यास माँट्रियलमध्ये त्या आंद्रे ब्रासार (१९४६–२०२२) या अगदी तरुण दिग्दर्शकाच्या मंडळीत सामील झाल्या. ब्रासार यांची मिशेल त्रांब्ले या लेखकाशी मैत्री १९६४ मधली. १९४२ साली माँट्रियलच्या फाब्र रस्त्यावरील कामगार कुटुंबात जन्मलेले त्रांब्ले त्या काळी लायनोटाइप यंत्रावर अक्षरजुळणीचे काम करीत होते. दिवसभर इतरांची शुद्ध अक्षरे जुळवणारा हा तरुण १९६५ मध्ये ज्या नाटकाला हात घालतो, त्यातील एकही वाक्य शाळेच्या शुद्धलेखनात बसणारे नव्हते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. लेखक, दिग्दर्शक आणि अभिनेत्री असा त्रिकोण येथे तयार झाला, आणि तो पुढे तीन दशकांहून अधिक काळ टिकला.

ते नाटक म्हणजे ‘ले बेल-सर’. या शीर्षकातील एका फ्रेंच शब्दाने सूचित होणाऱ्या नात्यांसाठी मराठीत जाऊ, नणंद, भावजय, मेहुणी असे वेगवेगळे शब्द आहेत. जेर्मेन लोझों या गृहिणीला बक्षीस म्हणून दहा लाख व्यापारी तिकिटे मिळतात. ती वह्यांत चिकटवून दिली की त्यांच्या बदल्यात घरसामान मिळणार असते. चिकटवण्याच्या कामासाठी ती बहिणी, भावजय, शेजारणी यांना स्वयंपाकघरात बोलावते. पंधरा स्त्रिया एकत्र येतात, बोलतात, कुढतात आणि हळूहळू तिची तिकिटे चोरू लागतात. पुरुष रंगमंचावर एकही नाही. मार्च १९६८ मध्ये नाटकाचे जाहीर वाचन झाले आणि २८ ऑगस्ट १९६८ रोजी ‘तेआत्र द्यु रिदो व्हेर’ या नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. या संस्थेची स्थापना १९४८ मध्ये इव्हेत ब्रांदामूर आणि मेर्सेदेस पालोमिनो या दोन स्त्रियांनी केली होती. तिचा प्रेक्षक प्रामुख्याने मध्यमवर्गीय, अभिरुचिसंपन्न समजला जाणारा होता.

पहिल्या संचात लाफोंतेन यांच्याकडे लीज पाकेत ही भूमिका होती. लीज तरुण आहे, अविवाहित असून गरोदर आहे, आणि या वस्तीतून कसेही करून बाहेर पडण्याची तिची आकांक्षा आहे. गर्भपातासाठी मदत करू पाहणारी पिएरेत ही घराण्याने टाकलेली स्त्री. तिने स्वतः बाहेर पडण्याचा प्रयत्न करून पाहिला आहे. नाटकाच्या रचनेत लीजचे स्थान मध्यवर्ती नाही. तथापि प्रौढ स्त्रियांच्या साचलेल्या तक्रारींच्या तुलनेत तिच्या बोलण्यात भविष्यकाळ आहे, आणि म्हणूनच त्या स्वयंपाकघरातली बंदिस्ती तिच्यामुळे सर्वाधिक जाणवते. तीच भाषा बोलणारी, पण त्याच भाषेतून सुटकेचे स्वप्न सांगणारी ही मुलगी उभी करताना तिशीच्या उंबरठ्यावरील लाफोंतेन यांच्यापुढे कोणताही पूर्वनमुना नव्हता. झुआलमधील विनोदी पात्र कसे बोलते हे सर्वांना ठाऊक होते. झुआलमध्ये दुःख कसे बोलावे, कुठे थांबावे, हशा कुठे थोपवावा, हे त्या पंधरा अभिनेत्रींना ठरवावे लागले.

येथे संहितेच्या स्वरूपाविषयी एक मुद्दा मांडणे आवश्यक आहे. त्रांब्ले यांनी ही बोली लिहिण्यासाठी जी अक्षरपद्धती वापरली, ती एक प्रकारची स्वरलिपी आहे. स्वरलिपीवरून राग कळतो, पण गाणे कळत नाही. घराण्याच्या तालमीत तयार झालेला गळा असल्याशिवाय ती मुकी राहते. प्रमाण फ्रेंच शिकलेल्या वाचकाला ‘ले बेल-सर’चे छापील पान अडखळत, जवळजवळ मोठ्याने उच्चारूनच वाचावे लागते. या लिपीचा ‘गळा’ पुरवण्याचे काम प्रथम ब्रासार यांच्या अभिनेत्रींनी केले. त्रांब्ले यांची पुढची नाटके वाचणारा वाचक नकळत हाच आवाज कानात घेऊन वाचतो. म्हणजे क्वेबेकच्या नव्या नाट्यभाषेची ‘वाङ्मयीनता’ सिद्ध होण्याच्या प्रक्रियेत अभिनेत्रीचा वाटा संहितेनंतर येणारा नाही; तो संहितेच्या अर्थनिश्चितीचाच भाग आहे.

या भाषेला विरोध झाला तो केवळ समीक्षकांकडून नव्हे. १९७२ मध्ये हे नाटक पॅरिसला नेण्यासाठी मागितलेले अनुदान क्वेबेकच्या सांस्कृतिक खात्याने नाकारले. खात्याच्या मंत्री होत्या क्लेअर किर्कलँड-कासग्रँ. क्वेबेकच्या विधानसभेवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचा एक अध्याय सुरू करणाऱ्या व्यक्तीला पंधरा कामगार स्त्रियांचे बोलणे मात्र परदेशी दाखवण्याजोगे वाटू नये, यातील विसंगती व्यक्तिगत नाही. वर्ग आणि भाषा यांचे नाते लिंगभावाच्या प्रश्नाला कसे छेदून जाते, याचा तो पुरावा आहे. नाटक अखेर १९७३ मध्ये पॅरिसला गेले.

दरम्यान २९ एप्रिल १९७१ रोजी ‘तेआत्र द कात-सू’ येथे त्रांब्ले यांचे ‘आ त्वा, पूर तूझूर, ता मारी-लू’ हे नाटक झाले. चार पात्रे, दोन काळ. १९६१ मधले आई-वडील आणि १९७१ मधल्या त्यांच्या दोन मुली एकाच वेळी रंगमंचावर असतात, आणि दोन्ही संवाद एकमेकांत विणले जातात. वडिलांनी गाडी जाणूनबुजून आदळवून स्वतःचा, पत्नीचा आणि धाकट्या मुलाचा शेवट केला आहे. थोरली कार्मेन घर सोडून गायिका झाली आहे. धाकटी मानों त्याच स्वयंपाकघरात, देवादिकांच्या तसबिरींमध्ये, आईच्या हौतात्म्याची पूजा करीत बसून आहे. मानोंची भूमिका लाफोंतेन यांची होती. हालचाल जवळजवळ नसलेल्या या नाटकात सारे काही आवाजावर अवलंबून असते. दहा वर्षांपूर्वीच्या आईच्या वाक्यावर मानोंचे वाक्य येऊन पडते, आणि मुलगी आईच्याच लयीत बोलू लागली आहे हे प्रेक्षकाला ऐकूनच उमगते. ही आशयाची अनुवांशिकता छापील पानावर दोन ओळींच्या सान्निध्यातून सूचित होते. प्रयोगात ती अभिनेत्रीच्या श्वासातून सिद्ध व्हावी लागते.

सहा वर्षांनी, १९७७ मध्ये, त्रांब्ले यांनी मानोंला पुन्हा रंगमंचावर आणले. ‘दाने मानों, साक्रे सांद्रा’ या नाटकात दोनच पात्रे आहेत. एक धर्मवेडी मानों, दुसरा स्त्रीवेषात वावरणारा सांद्रा. दोघांची स्वगते आलटून पालटून चालतात. एकाचा ध्यास ईश्वराचा, दुसऱ्याचा देहाचा, पण शब्दकळा हळूहळू एकच होत जाते. शेवटी दोघेही मिशेल नावाच्या कोणा एकाने कल्पिलेली पात्रे असल्याचे उघड होते. मानों पुन्हा लाफोंतेन यांनीच साकारली. एकच पात्र सहा वर्षांनी त्याच अभिनेत्रीच्या देहात परत येते आणि आपण कोणाच्या तरी लेखणीतून उतरलो असल्याची जाणीव व्यक्त करते, ही घटना नाट्यसिद्धान्ताच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पात्र लेखकाचे, हे नाटक स्वतःच सांगते. पण ज्या प्रेक्षकाने १९७१ ची मानों पाहिली होती, त्याच्यासाठी पात्राचे सातत्य लेखकाच्या नावात नव्हते. ते त्या आवाजात होते.

पडद्यावरही हा त्रिकोण आला. त्रांब्ले यांची पटकथा आणि ब्रासार यांचे दिग्दर्शन असलेला ‘इल एते यून फ्वा दां लेस्त’ हा चित्रपट १९७४ मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. त्यांच्याच १९७७ मधील ‘ल सोलेई स लेव्ह आं रतार’मध्ये लाफोंतेन यांची प्रमुख भूमिका होती. लग्नाचे वय उलटत चाललेल्या एका साध्या मुलीची ती कथा. पुढे दूरचित्रवाणीच्या मालिकांमुळे त्या घराघरांत पोहोचल्या. रंगभूमीवर जी भाषा १९६८ मध्ये धक्का देत होती, तीच आता दिवाणखान्यात नित्याची झाली. १९७७ मध्ये फ्रेंचला प्रांतात सार्वत्रिक अग्रक्रम देणारा कायदा संमत झाला, त्यामागे अर्थातच राजकीय चळवळीचे बळ होते. मात्र आपल्या बोलण्याची लाज न वाटणारा प्रेक्षक घडवण्याचे काम कायद्याला करता येत नाही. ते आधीपासून रंगमंचावर सुरू होते.

आतापर्यंतचे विवेचन लेखक आणि अभिनेत्री यांच्यातील सहकार्याचे झाले. परंतु या सहकार्यात एक नैतिक पेच दडलेला आहे. एक पुरुष लेखक आपल्या आईच्या, मावश्यांच्या, शेजारणींच्या तोंडी भाषा घालतो. ती भाषा त्यांचीच असल्याचे सांगतो. आणि त्या भाषेसाठी गौरवला जातो. ज्यांचे बोलणे त्याने घेतले, त्यांना विचारले कोणी? हा प्रश्न त्रांब्ले यांनी स्वतःच १९८७ मधील ‘ल व्रे माँद?’ या नाटकात उभा केला. काळ १९६५ चा उन्हाळा. क्लोद हा तेवीस वर्षांचा तरुण आपल्या कुटुंबावर नाटक लिहून आईला वाचायला देतो. त्रांब्ले यांनी ‘ले बेल-सर’ लिहिले ते याच वर्षी आणि सुमारे याच वयात, हा योगायोग नव्हे. रंगमंचावर घरातली खरी माणसे आणि क्लोदच्या नाटकातली पात्रे अशी दोन कुटुंबे वावरतात. क्लोदच्या नाटकातली मादलेन नवऱ्याच्या गैरवर्तनाचा जाब विचारते, घर सोडण्याची भाषा बोलते. खरी मादलेन मात्र संतापते. आपण जे कधी बोललो नाही ते मुलाने आपल्या तोंडी घातले. आपले मौन हेच आपले बळ होते आणि तेच त्याने हिरावून घेतले, असे तिचे म्हणणे.

पहिल्या प्रयोगात या खऱ्या मादलेनची भूमिका लाफोंतेन यांच्याकडे होती. जवळजवळ दोन दशके ज्या अभिनेत्रीने त्रांब्ले यांच्या स्त्रियांना आवाज दिला, तिच्याच मुखातून ‘तू मला दिलेला आवाज माझा नव्हे’ अशा आशयाचा आरोप लेखकावर होतो. या पात्रयोजनेतील अर्थ संहितेत नाही. तो प्रयोगाच्या इतिहासात आहे. मौनाची बाजू मांडणारे लांबलचक भाषण ही मुळातच विरोधाभासाची रचना आहे. मौनाचा बचावसुद्धा लेखकानेच लिहून द्यावा लागतो, ही लेखकाची अडचण. ती सुटत नाही. पण अभिनेत्री तेथे एक तिसरी शक्यता निर्माण करते. मादलेन लेखकाची नाही आणि लेखकाच्या आईचीही नाही. त्या क्षणी ती बोलणाऱ्या स्त्रीची असते. ‘प्रतिनिधित्व’ या आपल्याकडे वारंवार वापरल्या जाणाऱ्या संकल्पनेत लेखक आणि विषय असे दोनच पक्ष गृहीत धरले जातात. नाटकाच्या बाबतीत हे गृहीतक अपुरे आहे.

या कहाणीचा अखेरचा टप्पा १९९८ चा. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, ‘ले बेल-सर’ला तीस वर्षे पूर्ण होत असताना, त्याच रिदो व्हेरमध्ये ‘आंकोर यून फ्वा, सी व्हू पेर्मेते’ हे नाटक आले. त्यात निवेदक आणि त्याची आई नाना अशी दोनच पात्रे. त्रांब्ले यांची आई १९६३ मध्ये, मुलाचे एकही नाटक पाहण्याआधी वारली होती. नाटकात मुलगा दहा वर्षांपासून विशीपर्यंत वाढतो. आई रागावते, अतिशयोक्ती करते, वाचलेल्या कादंबऱ्यांवर वाद घालते आणि दूरचित्रवाणीवरील नाटकांतल्या नटांविषयी तिला कुतूहल वाटते. शेवटी असाध्य आजाराने ग्रासलेल्या आईला मुलगा रंगभूमीच्या साऱ्या कृत्रिम साधनांनिशी थाटाचा निरोप देतो. नानाच्या भूमिकेत लाफोंतेन होत्या आणि निवेदकाच्या भूमिकेत स्वतः ब्रासार. १९६८ मध्ये त्याच रंगमंचावर स्वयंपाकघरातून पळू पाहणारी मुलगी तीस वर्षांनी त्या स्वयंपाकघराची धनीण, म्हणजे लेखकाची आई होऊन उभी राहिली. ज्या स्त्रीला आपल्या मुलाच्या नाटकांतील एक शब्दही ऐकायला मिळाला नाही, तिची भूमिका अशा अभिनेत्रीकडे यावी, की जिने त्यांतले कितीतरी शब्द पहिल्यांदा उच्चारले होते, यापेक्षा अधिक समर्पक पात्रयोजना संभवत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. नाटक जर पहिल्या अभिनेत्रीच्या आवाजाशी इतके बांधलेले असेल, तर ते इतरत्र कसे जगले? ‘ले बेल-सर’ तर दूरवर गेले. १९८९ मध्ये ग्लासगो येथे त्याचे स्कॉट्स रूपांतर झाले, १९९२ मध्ये माँट्रियलमध्येच यिडिश. २०१० मध्ये संगीतरूप आले आणि २०२४ मध्ये चित्रपट. हा आक्षेप रास्त आहे, पण तो प्रस्तुत प्रतिपादनाला छेद देण्याऐवजी पुष्टीच देतो. स्कॉट्स आणि यिडिश या दोन्ही भाषा प्रतिष्ठित भाषांच्या सावलीत, घरांतून आणि वस्त्यांतून जगलेल्या. संहितेतली अक्षरे अनुवादता आली नाहीत, तेव्हा अनुवादकांनी बोलणाऱ्यांची सामाजिक जागा अनुवादली आणि तेथील अभिनेत्रींनी आपापल्या घरातला आवाज पुरवला. जे प्रवास करते ते आवाजासाठी राखून ठेवलेले स्थान. आवाज प्रत्येक ठिकाणी नव्याने मिळवावा लागतो. लाफोंतेन यांचे श्रेय त्या आवाजाच्या मक्तेदारीत नाही. ते स्थान भरता येते हे प्रथम दाखवून देणाऱ्यांपैकी त्या एक होत्या, यात ते आहे.

४ एप्रिल २०१६ रोजी लाफोंतेन यांचे निधन झाले. ‘त्रांब्ले यांची अभिनेत्री’ ही ओळख त्यांना आयुष्यभर लाभली. या षष्ठी विभक्तीत गौरव आहे, तसाच अन्यायही. मालकीचा प्रत्यय उलट दिशेने लावून पाहिला तर? ‘लाफोंतेन यांचा नाटककार’ असे म्हणणे कानाला विचित्र वाटते, आणि ते विचित्र वाटणे हेच आपल्या साहित्येतिहासाच्या सवयीचे लक्षण आहे. साहित्याचा अभ्यासक संहितेवर भिस्त ठेवतो, कारण संहिता उरते आणि आवाज विरून जातो. पण विरून गेलेल्या गोष्टीचा परिणाम उरलेल्या गोष्टीत वाचता येतो. १९७१ नंतर त्रांब्ले यांनी मानोंसाठी, मादलेनसाठी, नानासाठी जी वाक्ये लिहिली, ती एका विशिष्ट आवाजाला ऐकून झालेल्या माणसाची वाक्ये आहेत. ती वाचताना लेखकाच्या शैलीचा विचार करायचा, तर त्या शैलीत ऐकण्याचा वाटा किती, हेही विचारावे लागेल. आणि तो ऐकला गेलेला आवाज कोणाचा, याची नोंद नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात, तळटिपेबाहेर, मुख्य मजकुरात करावी लागेल.